ॲव्होकाडो खायला सुरुवात करताना: बाजारातून ताटापर्यंत

आम्ही मूळचे सांगलीचे, गेली सहा वर्षं बेंगळुरूत राहतो. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याचा रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, मर्यादेच्या बरंच वर निघालं. आहारतज्ज्ञ बाईंनी फरसाण, चीज, बटर कमी करायला सांगितलं आणि जाता जाता म्हणाल्या, "बटर फ्रूट, म्हणजे ॲव्होकाडो, मिळतं ना तुमच्याकडे? ते खात जा." कसं, किती, केव्हा, कशाबरोबर, यातलं काहीच आम्ही विचारलं नाही. येताना चार फळं घेतली, त्याच संध्याकाळी कापली. आतला गर रबरासारखा, चवीला कडवट. चारही टाकून द्यावी लागली.

पुढे वर्षभरात बरंच शिकले. थोडं आहारतज्ज्ञांकडून, थोडं वाचून, आणि बरंचसं मल्लेश्वरमच्या बाजारात बसणाऱ्या एका फळवाल्या आजींकडून. आता सांगली-कोल्हापूरकडच्या ओळखीतल्या कुणाला डॉक्टरांनी ॲव्होकाडो सुचवला की फोन मला येतो. प्रत्येकाला तेच सांगते, म्हणून एकदा सगळं नीट क्रमानं लिहून काढलं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. ॲव्होकाडो हे नेहमीच्या जेवणावर वरून घ्यायचं फळ नाही. तो ताटात आला की दुसरं काहीतरी ताटातून उठलं पाहिजे. त्याचा फायदा या अदलाबदलीत आहे. कसा, ते सहाव्या पायरीत येईल.

हाताशी काय लागेल

- शेवटचा रक्ताचा रिपोर्ट: लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), शक्य असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा आकडा) आणि पोटॅशियमही
- घरात चालू असलेल्या गोळ्यांची यादी
- स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा (हा खरंच लागतो, टाळू नका)
- कागदी पिशवी आणि एक पिकलेलं केळं
- धारदार सुरी, पाट, मोठा चमचा
- लिंबू आणि घट्ट झाकणाचा छोटा डबा

१. आधी औषधं आणि रिपोर्ट पाहा

फळ आहे, त्याला काय विचारायचं, असं वाटतं. पण चार प्रकारच्या माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

पहिले, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा ॲसेनोकूमारॉल घेणारे. ॲव्होकाडोत रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के असतं, १०० ग्रॅम गरात २१ मायक्रोग्रॅमच्या आसपास. हे पालकाच्या मानानं फारच कमी आहे, तरी या गोळ्यांचा डोस रोजच्या आहारावर बेतलेला असतो. आहार अचानक बदलला की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, हलू शकतो. तुमचा आयएनआर पाहणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घाला, मग ठरवा.

दुसरे, मूत्रपिंडाचा आजार असलेले. १०० ग्रॅम गरात साधारण ४८५ मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. तेवढ्याच केळ्यात ३५८ असतं. निरोगी माणसाला हे चांगलंच, पण मूत्रपिंडं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नसतील तर ते रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियम वाढवू शकतात. गोळी चालू आहे म्हणजे ॲव्होकाडो बंदच असं नाही, पण विचारून घ्या. क्रिएटिनिनचा आकडा लागतो तो यासाठी.

तिसरे, लॅटेक्सची म्हणजे रबराच्या हातमोज्यांची, फुग्यांची ॲलर्जी असणारे. अशांपैकी काहींना ॲव्होकाडो, केळं, किवी खाल्ल्यावरही तोंडाला खाज, ओठांना सूज येते. आमच्या ओळखीत एका नर्सताईंना हे झालं. एका फोडीतच ओठ चुरचुरायला लागले, आणि हे कशामुळे ते त्यांना स्वतःला लगेच कळलं म्हणून तिथेच थांबल्या.

चौथे, ज्यांचं पोट फार हळवं आहे, आयबीएसचा, म्हणजे आतडी चिडण्याचा, त्रास आहे असे. त्यांनी चमचाभरापासून सुरुवात करून पाहावी. जास्त झालं की पोट फुगतं.

२. आत नेमकं काय आहे ते समजून घ्या

गोड नाही, आंबट नाही, रसाळ नाही. मग हे फळ कसलं, असं सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं होतं, आणि प्रश्न अगदी योग्य होता. आपल्या ओळखीच्या बहुतेक फळांत पाणी आणि साखर असते. यात पाणी आणि स्निग्ध पदार्थ असतात. कन्नडमध्ये याला बेण्णे हण्णु म्हणतात, म्हणजे लोण्याचं फळ. चव आणि पोत कळायला एवढं नाव पुरे आहे. कूळ पाहिलं तर हे झाड आपल्या दालचिनीच्या कुळातलं, आणि मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'आहुआकात्ल'वरून आजचं नाव आलं.

१०० ग्रॅम गरात साधारण १६० कॅलरी आणि १५ ग्रॅमच्या जवळ स्निग्ध पदार्थ. आकडा ऐकून दचकू नका, पुढचा तपशील महत्त्वाचा आहे. त्या १५ पैकी जवळजवळ १० ग्रॅम एकल असंपृक्त (मोनोअनसॅच्युरेटेड, हृदयाला बरे मानले जाणारे) आहेत, मुख्यतः ओलेइक आम्ल. ऑलिव्हच्या तेलात आणि आपल्या शेंगदाण्यातही तेच असतं. संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी, म्हणजे एलडीएल वाढवते ती, फक्त २ ग्रॅमच्या आसपास, आणि कोलेस्टेरॉल अजिबात नाही. ओल्या नारळाशी तुलना करून पाहा. तोही झाडाचाच, तोही चवदार, पण १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३० ग्रॅम संपृक्त चरबी असते. 'झाडापासून आलं म्हणजे चालतं' हा हिशेब कोलेस्टेरॉलच्या बाबतीत लागू पडत नाही, तो यामुळे.

मला स्वतःला याहून मोलाचा वाटतो तो चोथा, फायबर. १०० ग्रॅमला सुमारे पावणेसात ग्रॅम. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला साधारण ३० ग्रॅम फायबर लागतं, म्हणजे ७५ ग्रॅम ॲव्होकाडोतून त्यातलं पाच ग्रॅम येतं. तेल, तूप, लोणी, चीज यांतल्या कशातच फायबर नसतं. स्निग्धता आणि चोथा एकाच घासात देणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. खाल्ल्यावर बराच वेळ भूक लागत नाही, त्यामागेही हेच आहे.

साखर १ ग्रॅमसुद्धा नाही, त्यामुळे मधुमेह असलेल्यांना हे फळ बरं पडतं. तेवढ्याच केळ्यात १२ ग्रॅम साखर असते. फोलेट, म्हणजे बी गटातलं एक व्हिटॅमिन, ८१ मायक्रोग्रॅम. व्हिटॅमिन ई, बी६, थोडं मॅग्नेशियम, आणि डोळ्यांना उपयोगी ल्युटीन. गरोदर मुलींनी फोलेट आहे म्हणून जरूर खावं, पण डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी त्यासाठी सोडू नये.

आणि यात काय नाही, हेही सांगायला हवं. प्रथिनं २ ग्रॅम, म्हणजे नगण्य. लोह, कॅल्शियम जवळपास नाहीच. व्हिटॅमिन सी १० मिलिग्रॅम, आणि आपल्या पेरूत २०० च्या वर. तेव्हा पेरू, आवळा, डाळी बाजूला सारून ॲव्होकाडो आणू नका.

३. कोणता घ्यायचा

आपल्याकडे ढोबळमानानं दोन प्रकार मिळतात आणि दोघांचं वागणं वेगळं आहे.

पहिला हास. लहान, खडबडीत सालीचा. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास यांच्या बागेत हे झाड उगवलं आणि १९३५ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. आज जगभर विकला जाणारा बहुतेक माल याच जातीचा. आपल्याकडे तो टांझानियासारख्या देशांतून येतो, म्हणून महाग. हास पिकताना हिरव्याचा जांभळट काळा होतो, त्यामुळे रंगावरून कळतं. गर घट्ट आणि लोण्यासारखा.

दुसरा आपल्या दक्षिणेतला, गुळगुळीत हिरव्या सालीचा आणि मोठा. कूर्ग, वायनाड, निलगिरी, कोडाईकनालच्या डोंगरांत कॉफीच्या मळ्यांत ही झाडं असतात. पावसाळ्याच्या आसपास कूर्गचा माल बाजारात ढिगानं येतो आणि भावही खाली येतो. यातल्या पुष्कळ फळांत पाणी जास्त आणि स्निग्धता कमी असते, त्यामुळे कॅलरीही हासपेक्षा कमी. पौष्टिकतेत फार मोठं काही हरवत नाही. माझं मत विचाराल तर हंगामात देशी घ्या आणि वाचलेल्या पैशांत गाजरं आणि टोमॅटो आणा.

इथला सापळा असा: देशी हिरवी फळं पिकल्यावरही बऱ्याचदा हिरवीच राहतात. 'काळा झाला की खायचा' हे कुठेतरी वाचून तुम्ही वाट पाहत बसाल आणि आत फळ सडून जाईल. आजींनी मला दुसरी खूण दाखवली. फळ कानाशी धरून हलवायचं. या जातींत पिकल्यावर बी गरापासून सुटते आणि आत खुळखुळते. हासमध्ये ही खूण चालत नाही, त्यात बी घट्ट बसलेली असते.

दोन्हीला लागू पडणारी परीक्षा तळहाताची. फळ मुठीत घ्या आणि संपूर्ण पंजानं हलकेच दाबा. किंचित दबून हाताला लोणी लागल्यासारखं वाटलं की तयार. अंगठ्यानं टोचू नका. जिथं टोचाल तिथं आत काळा डाग पडतो आणि ते फळ तुम्ही नाही घेतलं तर दुसऱ्या कुणाच्या घरी जातं. देठाची टिकली उडवून आत हिरवं आहे का ते पाहण्याची युक्तीही गाड्यावर करू नका, उघड्या जागेतून बुरशी आत शिरते.

एकाच दिवशी खायची चार तयार फळं घेण्यापेक्षा एक तयार, एक गाभुळलेलं आणि दोन कडक घ्या. आठवडाभर पुरतात.

४. आढी घाला

हे फळ झाडावर पिकत नाही. झाडावर ते मोठं होतं, तयार होतं, पण मऊ पडतं ते उतरवल्यानंतरच. आंब्याची आढी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं शिकवायची गरज नाही. माझी पहिली चार फळं वाया गेली ती हे माहीत नव्हतं म्हणून.

कडक फळ ओट्याच्या कोपऱ्यात सावलीत ठेवलं की साधारण चार ते सहा दिवसांत तयार होतं. घाई असेल तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा आणि पिशवीचं तोंड दुमडा. केळ्यातून इथिलीन वायू निघतो, तोच फळ पिकवतो. तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं तरी चालतं, तिथेही तो वायू कोंडला जातो. मात्र रोज एकदा काढून दाबून पाहा. डब्यात विसरलेलं फळ शेवटी वासानंच आठवतं, आणि तांदूळही निवडावा लागतो.

कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीनं त्याचं पिकणं थांबतं आणि नंतर बाहेर काढलं तरी गर करडा, चिवट होतो. उलट पिकलेलं फळ मात्र लगेच फ्रिजमध्ये टाका, दोन-तीन दिवस मिळतात. कडक उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याकडे, घरातली सगळ्यात गार जागा शोधा. पस्तीस-चाळीस अंशांत हे फळ एकसारखं पिकत नाही, एका बाजूनं मऊ आणि दुसऱ्या बाजूनं कच्चं राहतं.

मायक्रोवेव्हमध्ये घालून 'पिकवण्याचा' उपाय सांगणारे भेटतील. त्यानं फळ फक्त मऊ होतं, पिकत नाही. चव कच्चीच राहते.

५. कापताना

साल खायची नसली तरी फळ आधी धुवा आणि पुसा. सालीवरचे जंतू सुरीबरोबर गरात जातात.

फळ पाटावर ठेवा, हातात धरू नका. उभं कापा, सुरी बीला टेकली की फळ गोल फिरवा. दोन्ही अर्धी उलट दिशांना पिळली की सुटतात. बी काढायला चमचा वापरा. सुरीचा घाव बीवर घालून ती उपटण्याची पद्धत पाहायला झटपट वाटते, पण हातावर सुरी घसरून लोकांना टाके पडलेले आहेत. परदेशातल्या इस्पितळांत हे इतकं नेहमीचं झालं की या जखमेला 'ॲव्होकाडो हँड' असं नाव पडलं.

आता साल. आपण चमच्यानं गर खरवडून घेतो, त्यात सालीलगतचा गडद हिरवा थर मागे राहतो. ल्युटीनसारखी कॅरोटिनॉइड्स (रंगद्रव्यं) सगळ्यात जास्त त्याच थरात असतात. म्हणून अर्ध्याचे पुन्हा दोन तुकडे करा आणि उकडलेल्या बटाट्यासारखी साल हातानं सोला. चांगलं पिकलेलं असेल तर साल सहज निघते.

गरात दोऱ्यासारखे तपकिरी धागे दिसले तर ते काढून खाता येतं. पण आंबूस, कुबट वास आला किंवा गर काळा पडून पाणी सुटलं असेल तर टाकून द्या. बीची पूड करून खायचे सल्लेही फिरत असतात. बी खाण्याची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही, तेव्हा ती कुंडीत लावा. रोपटं सुरेख येतं.

६. मोजा, आणि कशाच्या जागी ते ठरवा

'रोज अर्धं फळ' असं सगळे सांगतात. कोणत्या फळाचं अर्धं? मध्यम हासचा गर निघतो साधारण १४० ते १५० ग्रॅम, म्हणजे अर्धं ७५ ग्रॅमच्या आत. कूर्गचं एखादं फळच अर्धा किलो भरतं. त्याचं अर्धं दोन माणसांना पुरतं. म्हणून वजनकाटा. आमच्या घरी माणशी ५० ते ७५ ग्रॅम, आठवड्यातून चार दिवस, असं ठरलेलं आहे. ७५ ग्रॅमला हिशेब येतो १२० कॅलरी.

आता मुख्य मुद्दा. या १२० कॅलरी कुठून वळवायच्या?

अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी एक लाख दहा हजारांच्या वर लोकांचा तीस वर्षांचा आहार आणि आजारपण तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला निदान दोन वेळा, दर वेळी साधारण अर्धं फळ खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं एकत्रित प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी दिसलं. मला जास्त महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग: लोणी, मार्गारीन, चीज, प्रक्रिया केलेलं मांस यांच्या थोड्या भागाऐवजी तेवढाच ॲव्होकाडो घेतला तर धोका कमी होतो, असं त्यांच्या गणितात आलं. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. ॲव्होकाडो खाणारी माणसं एरवीही तब्येतीला जपणारी असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय फळाला देता येत नाही.

त्याच वर्षी दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. पोटाचा घेर जास्त असलेल्या हजार जणांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक पूर्ण ॲव्होकाडो दिला, बाकी आहार नेहमीचाच. पोटातली चरबी कमी झाली नाही. वजनही वाढलं नाही. एलडीएल उतरलं, पण जेमतेम अडीच मिलिग्रॅम. म्हणजे बाकी काही न बदलता फळ नुसतं वाढवलं तर हाती फार थोडं लागतं. या प्रयोगाचा खर्च हास ॲव्होकाडो उत्पादकांच्या मंडळानं केला होता, आणि तरीही निकाल असा आला, म्हणून मला तो विश्वासाचा वाटतो.

तेव्हा कागदावर दोन रकाने करा. डाव्या बाजूला ॲव्होकाडो कशात घालणार, उजव्या बाजूला त्या दिवशी काय काढणार. आमचा कागद असा होता:

- सकाळच्या टोस्टवर मॅश केलेला ॲव्होकाडो, काढलं: चमचाभर बटर (१४ ग्रॅम बटरमध्येच ७ ग्रॅम संपृक्त चरबी असते, ५० ग्रॅम ॲव्होकाडोत १ ग्रॅम)
- सँडविचमध्ये काप, काढलं: चीजची चकती आणि मेयोनीज
- चारच्या भुकेला अर्धी वाटी फोडी, लिंबू-मीठ-मिरपूड घालून, काढलं: फरसाण (५० ग्रॅम शेवेत पावणेतीनशे कॅलरी जातात)
- कोशिंबिरीत फोडी, काढलं: ओलं खोबरं आणि वरची फोडणी

उजवा रकाना रिकामा राहिला तर त्या दिवशी ॲव्होकाडो घेऊ नका, सरळ पेरू खा.

७. कशाबरोबर खायचं

गाजर, टोमॅटो, पालक यांतली बीटा कॅरोटिनसारखी द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, त्यांना स्निग्धता लागते. कोरडं गाजर चावून खाल्लं तर त्यातलं बरंचसं तसंच निघून जातं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या २०१४ सालच्या प्रयोगात कच्च्या गाजराबरोबर ॲव्होकाडो दिल्यावर बीटा कॅरोटिन साडेसहा पट जास्त शोषलं गेलं. त्यात माणसं मोजकी होती आणि फळ अख्खं दिलं होतं, तुमच्या अर्ध्या फळानं तेवढंच घडेल असं नाही. पण तत्त्व खरं आहे, आणि आपल्या आज्या गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालत आल्या ते याच कामाला येतं.

म्हणून आमच्याकडे सगळ्यात जास्त होते ती ही कोशिंबीर: दोन किसलेली गाजरं, एक टोमॅटो, अर्धा कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू, मीठ, आणि शेवटी ॲव्होकाडोच्या फोडी. फोडी घातल्यावर जोरात ढवळू नका. मेक्सिकोतलं ग्वाकामोले यापासून फार लांब नाही. तिथेही कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबूच असतं, फक्त गर ठेचलेला असतो. मी ते खलबत्त्यात करते. ज्वारीच्या गरम भाकरीवर ग्वाकामोले आणि बाजूला लसणाचा ठेचा. नवऱ्याला ॲव्होकाडो आवडायला लागला तो या भाकरीमुळे. मिळमिळीत चवीला आपला तिखट ठेचा फार छान धरतो.

पुदिना, दही, हिरवी मिरची आणि ॲव्होकाडो वाटून केलेली चटणी पोळीच्या गुंडाळीत लावता येते. सासूबाईंना हीच जमली.

शिजवू मात्र नका. रस्साभाजीत उकळला किंवा तळला की कडू होतो. आमटी-वरण उतरवल्यावर वरून फोडी घालणं ठीक.

बेंगळुरूला रसवंतीवर 'बटर फ्रूट ज्यूस' मिळतो. प्रत्यक्षात तो दूध आणि भरपूर साखर घातलेला मिल्कशेक असतो, कधी वर आइस्क्रीमही. ज्या फळात स्वतःची साखर जवळजवळ नाही, त्यात चार चमचे साखर घालून आम्ही दोन महिने आनंदानं पीत होतो. घरी करायचाच असेल तर गार दूध, वेलदोडा आणि अर्धं खजूर पुरे.

ॲव्होकाडोचं तेल हाही वेगळा विषय. त्यात चांगली स्निग्धता आहे, पण चोथा नाही, पोटॅशियम नाही. फळाचे गुण बाटलीत उतरत नाहीत.

८. उरलेल्या अर्ध्याचं काय

कापलेला गर हवेनं तपकिरी होतो, वांगं कापल्यावर होतं तसाच. बी असलेलं अर्ध ठेवा, गरावर लिंबाचा रस चोळा, झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. वरचा पातळ तपकिरी थर विषारी नसतो, खरवडून टाका. बीमुळे रंग टिकतो असं म्हणतात, प्रत्यक्षात तिच्याखाली हवा पोचत नाही एवढंच.

फळ पाण्यात बुडवून आठवडाआठवडा ताजं ठेवण्याची युक्ती मोबाइलवर खूप फिरली. ती करू नका. सालीवर लिस्टेरिया किंवा साल्मोनेलासारखे आजार पसरवणारे जंतू असतील तर त्या पाण्यात ते वाढतात, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही या पद्धतीपासून दूर राहायला सांगितलं आहे.

९. घरातली इतर मंडळी

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला, वरचं अन्न सुरू झाल्यावर, मीठ न घालता कुस्करून एखादा चमचा देता येतो. नवीन पदार्थ म्हणून तीन दिवस दुसरं नवीन काही देऊ नका, म्हणजे अंगावर काही उठलं तर कारण कळेल. दात नसलेल्या, भूक मंदावलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे फळ मला फार सोयीचं वाटतं. चावावं लागत नाही, आणि थोड्या घासांत कॅलरी जातात. त्यांच्याबाबतीत उजव्या रकान्याचा हट्ट धरू नका, त्यांना वाढीव अन्नच हवं असतं.

घरी पोपट किंवा इतर पक्षी असतील तर साल, गर, पान काहीही देऊ नका. यातलं पर्सिन नावाचं द्रव्य पक्ष्यांच्या जिवावर बेततं. शेळी, गाय, घोडा यांनाही पानं-साली घालू नयेत. गावाकडे साली उकिरड्यावर टाकताना हे लक्षात असू द्या.

१०. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि मिळत नसेल तर

तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि पहिल्या वेळेसारखंच उपाशीपोटी. नवऱ्याचं एलडीएल उतरलं. पण त्या काळात फरसाण सुटलं होतं, चीज सुटलं होतं आणि रोज पाऊण तास चालणंही सुरू झालं होतं, त्यामुळे ॲव्होकाडोचा वाटा वेगळा काढता येणार नाही. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, दिलं असेल तर या फळाच्या भरवशावर ते स्वतःहून बंद करू नका.

माझ्या आईचं कोलेस्टेरॉलही गेल्या वर्षी वाढलेलं निघालं. सांगलीत ॲव्होकाडो कधी मिळतो, कधी नाही, आणि मिळाला तर एका फळाला शंभराची नोट सहज जाते. तिनं फोनवर विचारलं, "मग मी काय करू गं?" मी तिला मूठभर, म्हणजे २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे सांगितले, मीठ न लावलेले. त्यात सुमारे ११५ कॅलरी आणि जवळजवळ ५ ग्रॅम तीच एकल असंपृक्त स्निग्धता. चोथा कमी पडतो, तो भरायला रोज एक पेरू, हंगाम नसेल तेव्हा काकडी आणि गाजर. तिलाही दोन रकान्यांचा कागद करून दिला आहे. डाव्या बाजूला दाणे, उजव्या बाजूला चहाबरोबरची खारी. तो कागद तिनं फ्रिजला चिकटवून ठेवलाय.